पुडी क्रमांक एकतीस

शिकागो, मंगळवार, ९ मे १८९३

पोचले एकदाची. दीड दिवसाच्या प्रवासानं गुडघे आखडलेत, कॉलरमध्ये कोळशाची इतकी पूड साठलीय की झटकली तर एक शेगडी पेटेल. पण मी खुशीत आहे. डॉक्टर केल्सो स्वतः स्टेशनवर आले होते. माणूस ढेरपोट्या आणि टकला निघणार, अशी मी धाकट्या बहिणीशी, तिल्दाशी पैज लावली होती. निघाला तिशीतला, निळ्या डोळ्यांचा, टोपी हातात धरून बोलणारा. माझी पेटी त्यांनी स्वतः उचलली. आमच्या मिनेसोटातले पाद्रीबाबा स्वतःची छत्रीसुद्धा दुसऱ्याच्या हाती देतात.

इमारत तीन मजली, अख्खा कोपरा व्यापून बसलेली. खाली औषधांचं दुकान, संगमरवरी टेबलावर सोडा-लेमोनेड, आणि कोपऱ्यात टपालाची खिडकी. सगळी गल्ली इथूनच तिकिटं घेते आणि इथल्याच पेटीत पत्रं टाकते. वर भाड्याच्या खोल्या, जागतिक प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्यांसाठी. माझी कामाची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी उत्तरेला. माणसाच्या केसांचे दागिने विणायला उत्तरेचाच उजेड लागतो, हे मी पत्रात लिहिलं होतं आणि डॉक्टरांनी ते लक्षात ठेवलं. मधोमध भोक असलेलं गोल टेबलसुद्धा मी काढून पाठवलेल्या चित्राबरहुकूम करवून घेतलं आहे. आईच्या टेबलापेक्षा चांगलं. आई फेब्रुवारीत गेली. हे बघायला हवी होती, असं वाटून डोळे भरून आले.

जेवण दुकानाच्या मागच्या खोलीत, गल्ल्यावर बसणाऱ्या डेलिया डगनबरोबर. आयरिश आहे. केस तांब्याच्या नव्या भांड्यासारखे, सोडले तर गुडघ्यापर्यंत येतील. मी घासापेक्षा केसांकडेच जास्त बघत होते. ते तिच्या लक्षात आलं.

"बघून घे बाई," ती म्हणाली, "पण मी मेल्याशिवाय हे तुला मिळायचे नाहीत."

कत्तलखान्यांचा वास मात्र भयंकर. डेलिया म्हणते, चार दिवसांत नाक मरतं आणि मग शिकागो आवडायला लागतं.

शुक्रवार, १२ मे

पहिली पुडी आली, क्रमांक बावीस. फिकट तपकिरी, दीड हात लांब, एका टोकाला सरळ कापलेले. सोड्याच्या पाण्यात उकळले, वाळवले, लांबीप्रमाणे निवडले, बटा पाडून शिशाची वजनं लावली आणि टेबलाभोवती फिरत गोफ विणायला घेतला. घड्याळाची साखळी होईल. खटखट वजनं वाजायला लागली तशी खोली माझी झाली.

डॉक्टर केस अनाथाश्रमांतून आणि फिरत्या व्यापाऱ्यांकडून घेतात म्हणे. कुणाचे ते मी विचारलं नाही. आईनं आम्हा दोघींना पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट तीच. कुणी मेलेल्या लेकराचे केस घेऊन येतं, कुणा बाईच्या घरात चूल पेटलेली नसते म्हणून ती स्वतःचे विकते. नाव विचारून जखमेत बोट घालायचं नाही. पुडीवरचा आकडा बघायचा आणि हात चालवायचे. जुन्या देशात, स्वीडनला, आमच्या खोऱ्यातल्या बायका दारोदार जाऊन हेच करायच्या, आणि तोंड मिटलेलं असायचं म्हणूनच त्यांना घरात घेत.

इमारत विचित्र आहे. तिसऱ्या मजल्यावरचा एक जिना वर जाऊन भिंतीलाच टेकतो. काही दारांना कडी फक्त बाहेरून. डेलिया सांगते की डॉक्टर दर दहा दिवसांनी सुतार-गवंडी बदलतात, त्यामुळे कुणी काय बांधलं ते कुणालाच माहीत नाही. एके दिवशी छप्पर तळघरात सापडेल. हमाल-गडी मात्र एकच, क्विग नावाचा. हात सदा चुन्यानं खाल्लेले, तोंडाला दारूचा वास. तो मला बघून दात काढतो. मी नाक मुरडते.

शनिवार, २० मे

प्रदर्शनाचे पाहुणे माझ्या साखळ्या आणि ब्रोच हातोहात नेताहेत. मी मुद्दाम खेडवळ रुमाल बांधून काउंटरवर उभी राहिले की आणखी खपतात. डेलिया मला "स्वीडनच्या राणीसाहेब" म्हणते आणि गुडघा वाकवून मुजरा करते.

डॉक्टरांनी आज तिल्दाची चौकशी केली. मी काय, सगळं सांगून टाकलं. अठरा वर्षांची आहे, हात माझ्याहून हलका आहे, आई गेल्यापासून पाद्रीबाबांच्या घरी भांडी घासते आणि दर पत्रात विचारते की ताई, मला कधी बोलावणार. आईची चाळीस एकर जमीन दोघींच्या नावावर आहे, तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, जमीन पडून ठेवण्यापेक्षा विकून या दुकानात भागी घ्या, दोघी बहिणींचं नाव पाटीवर लावू. फक्त दोघींनी इथं येऊन सही करायची.

बसल्या बैठकीला मी पत्र लिहिलं. डॉक्टरांनी दोन ओळी सुचवल्या, त्याही घातल्या. "इथला मालक देवमाणूस आहे," हे मात्र माझं मीच लिहिलं.

शनिवार, ३ जून

डेलियाचे केस धुऊन दिले. डाव्या कानामागे बोटभर बट आखूड आणि टोकाला कुरळी जळकी होती. रविवारी केस कुरळे करायचा चिमटा जास्त तापला म्हणे. मी तिला चांगलंच झापलं. असे केस देवानं द्यायचे आणि हिनं ते भाजायचे.

मग तिनं माझा हात धरून शपथ घातली आणि सांगितलं, तिचं लग्न ठरलंय. डॉक्टरांशी. दहा तारखेला, गुपचूप. त्यांच्या आधीच्या बायकोच्या नातलगांचा काही तंटा आहे, म्हणून बोभाटा नको.

मी तिला मिठी मारली. पण इथं खरं लिहायचं तर मला तिचा हेवा वाटला. गेले तीन रविवार मी नवा ब्लाउज कुणासाठी घालत होते, ते मला माहीत आहे.

शनिवार, १० जून

डेलिया सकाळी उठून गेली. मला न सांगता. डॉक्टर सोड्याचे ग्लास पुसत हसत म्हणाले, कॅन्ससच्या एका गुरांच्या व्यापाऱ्याशी लग्न करून गेली, गेले सहा महिने पत्रापत्री चालली होती. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हाला काही बोलली नव्हती?

मी नाही म्हटलं. शपथ होती म्हणून, आणि थोडी लाज वाटली म्हणूनही. म्हणजे तिनं मला बनवलं तर. डॉक्टरांशी लग्न म्हणे. दिवसभर तिच्यावर रागावून काम केलं.

तिल्दाची तार आली. ती गुरुवारी, २२ तारखेला सकाळच्या गाडीनं पोचते आहे. उड्या माराव्याशा वाटल्या.

बुधवार, १४ जून

हे नीट लिहायला हवं.

सकाळी क्विगनं पुडी आणून टाकली. क्रमांक एकतीस. लाल केस. मनात आलंच, पण लाल केसांच्या आयरिश पोरी या शहरात शेकड्यांनी आहेत. पुडी उघडली की आधी भांड्यात, मग विचार, अशी आम्हाला सवय. तासभर उकळले. वाळत घातले. जेवून आले. मग लांबीप्रमाणे निवडायला बसले.

विकलेले केस कापलेले असतात. कुठलीही बाई मानेशी कात्री लावून घेते. मूळ डोक्यातच राहतं. या केसांना मुळं होती. सगळ्यांना. एका झुपक्याला नखाएवढं, उकळून पांढरं पडलेलं काहीतरी चिकटलं होतं. मी ते चिमट्यानं सोडवायला गेले. ती कातडी होती.

आणि त्याच्याच शेजारी बोटभर बट, टोकाला कुरळी, जळकी.

तिला मी उकळलं. मी, या हातांनी, वर झाकण ठेवून.

बादलीत ओकले. मग भिंतीशी बसून पुड्या मोजल्या. बावीसपासून एकतीसपर्यंत. दहा बायका. आणि माझ्या आधीच्या एकवीस? साखळ्या, ब्रोच, फुलं. अमेरिकेतल्या कुठल्या कुठल्या गावांत लोकांच्या छातीवर लावलेली असतील. मी एकदाही विचारलं नाही. मला माझ्या न विचारण्याचा अभिमान होता.

गुरुवार, १५ जून

कदाचित माझं चुकत असेल, असं रात्रभर स्वतःला समजावलं. सकाळी सहज म्हणून विचारलं, हे डेलियाच्या केसांसारखे दिसतात नाही? डॉक्टर हसले. म्हणाले, तिचेच आहेत, लग्नाच्या खर्चासाठी विकून गेली.

कोण नवरी लग्नाला डोकं भादरून जाते? मी मान डोलावली. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर जरा जास्तच वेळ राहिली.

वर येऊन तिल्दाला लिहिलं. येऊ नकोस, काही झालं तरी येऊ नकोस, कारण नंतर सांगते. धावत जाऊन पेटीत टाकलं. आता बरं वाटतंय.

शनिवार, १७ जून

पोलीस चौकीत गेले होते. पुडी दाखवली. हवालदारानं ती दोन बोटांत धरून वास घेतला आणि शेजारच्याला म्हणाला, केसांत मूळ सापडलं म्हणून तक्रार आहे. ते दोघं पोट धरून हसले. नंतर मात्र जरा सौम्यपणे म्हणाला, बाई, प्रेत दाखवा, मग बोलू. आणि केल्सो डॉक्टरांचं औषध माझी बायको घेते, माणूस लाखातला आहे.

प्रेत दाखवा. म्हणजे ते मलाच शोधायला हवं.

पळून का जात नाही? पत्र वेळेत पोचलं नाही तर तिल्दाकडे याच दुकानाचा पत्ता आहे. मी पळाले तर ती हसत हसत या दारातून आत येईल आणि लेमोनेड द्यायला तो उभा असेल.

सोमवार, १९ जून. रेल्वे स्टेशन, बायकांची बसायची खोली

भर दुपार होती. क्विग दारू पिऊन दारामागे घोरत होता, त्याच्या कमरेची किल्ली मी काढून घेतली. तळघरात गेले.

तिथे लांब टेबल आहे, कडेला पन्हळ असलेलं. चुन्याची पिंपं. एक मोठी टाकी, झाकण अर्धं. डेलिया टाकीत नव्हती, टेबलावर होती. कमरेपासून खाली नुसती हाडं, स्वच्छ, तारांनी जोडलेली. वरचं अजून तसंच होतं. डोकं लाल होतं, पण केसांनी नाही. शेजारी खोका, आत पेंढा, झाकणावर कुठल्याशा वैद्यकीय शाळेचा पत्ता. सांगाडा करून विकतात तिला. केस मला, हाडं त्यांना.

जिन्यावर पावलं वाजली. मी पिंपांमागे शिरले.

डॉक्टर क्विगला कॉलर धरून घेऊन आला. आवाज चढलेला नव्हता. बाह्या मात्र दुमडलेल्या होत्या.

"क्विग, तुला केस कापायला सांगितले होते. कोंबडी सोलायला नव्हतं सांगितलं."

क्विग रडत म्हणत होता, हात लटपटत होता साहेब, पुन्हा नाही होणार. डॉक्टरानं खिशातून कागद काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. माझं पत्र. दुकानाच्या पेटीत टाकलेलं. त्या पेटीची किल्ली कुणाकडे असते ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी सवयीनं मी तिथंच —

"तुझ्या गबाळेपणामुळे तिला कळलंय. गुरुवारी बहीण येते. दोघींच्या सह्या झाल्या की दोघी एकदमच. तोवर तिला हसतमुख ठेवायची होती मला."

मग त्यानं लाकडी हातोडा घेतला. पहिला घाव क्विगच्या कानावर बसला. तो पडला नाही, नुसता आश्चर्यानं बघत राहिला. दुसऱ्याला गुडघ्यावर आला. तिसऱ्याला डोळा बाहेर आला आणि तरी तो डॉक्टरच्या पँटला धरून साहेब साहेब म्हणत होता. चौथा, पाचवा. पुढचे मी मोजले नाहीत. माझ्या पायाशी वाहत आलं ते गरम होतं, बुटाच्या शिवणीतून आत गेलं. डॉक्टरनं हातोडा धुतला, नखं धुतली, बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि शीळ घालत वर गेला.

मी कोळसा टाकायच्या झरोक्यातून बाहेर सरपटले आणि थेट इथं आले. रोजनिशी एप्रनच्या खिशात होती, पेन्सिल आणि कात्रीही.

मंगळवार, २० जून. स्टेशन

इथल्या पोलिसाला सगळं सांगितलं. माझ्या बुटांवर रक्त, केसांत कोळसा, उच्चार गावंढळ. त्यानं मला पाणी दिलं आणि वेड्यांच्या इस्पितळाचा पत्ता सांगितला.

पाद्रीबाबांना तार केली. उत्तर आलं. येऊ नकोस म्हणणारं पत्र मिळालंच नाही. तिल्दा आज पहाटे निघाली, वाटेत एक रात्र पाद्रीणबाईंच्या बहिणीकडे राहून येईल, आनंदात होती.

आता मी इथून हलणार नाही. फलाटावरच पकडते तिला.

गुरुवार, २२ जून

डाव्या हातानं लिहिते आहे.

गाडी आली. शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभी होते. तिल्दा नाही. वाटलं, तिला त्यानं तार करून अलीकडच्या छोट्या स्टेशनावर उतरवलं. धावत दुकानासमोर आले. गाडीवाला एक पेटी आत नेत होता. निळी, तिच्यावर आईनं रंगवलेली तांबडी फुलं.

मला सापळा कळत नव्हता असं नाही. पण ती आत असेल तर मी बाहेर राहून काय करू? गेले. डॉक्टर काउंटरमागे. म्हणाला, बरं झालं आलात, ती वर आहे, तुमची वाट बघून कंटाळली. मी कात्री बाहीत धरून त्याच्या मागे गेले. तिसऱ्या मजल्यावर एका दाराशी तो बाजूला झाला. आत अंधार. तिल्दा, अशी हाक मारली. उत्तर नाही.

वळून कात्री मारली. गळ्यावर नेम धरला होता, गाल फाटला. दात दिसले त्याचे बाजूनं. तो ओरडला नाही. मला लाथ मारून आत ढकललं आणि लोखंडी दार लोटलं, तेव्हा माझा उजवा हात चौकटीत होता. पुन्हा उघडलं. पुन्हा लोटलं. तिसऱ्यांदा हात मी आत ओढला. तीन बोटं मोडली. करंगळी आता माझी नाही.

भिंती लोखंडाच्या, आत दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा ठोकलेला. ओरडलं की आवाज तोंडातच राहतो. दारात बशीएवढी जाड काच आहे, तिच्यातून उजेड. वर छताशी गॅसची उघडी नळी, दिवा नाही तिला. खाली जमिनीशी गरम हवेची जाळी, भुशानं ठासून भरलेली.

तिल्दा इथं नव्हतीच. नुसती पेटी आली.

शुक्रवार असावा

काचेपाशी आला. गालाला टाके, पट्टी. दारातली झडप उघडून बोलला. पेटी पुढे आली, तिल्दाची मधली गाडी चुकली, तिची तार आलीय, आज दुपारी पोचतेय. कागद आत सरकवला. सही करा, मग तुम्ही दोघी घरी जा.

मी कागद फाडला. माझी सही नाही तोवर तिल्दा त्याला जिवंत लागेल, असं मला वाटलं. त्याला हसू आलं, टाके ताणले तसा कळवळला.

"मिस ब्रीता, तुमची पत्रं आहेत माझ्याकडे. तुमची सही मला तुमच्यापेक्षा बरी जमते. खरी असली की जरा समाधान वाटतं, इतकंच."

म्हणजे माझ्या हातात आता काही नाही. तिला सावध करणं, एवढंच उरलं.

भुसा उपसते आहे. केसातल्या आकड्यानं. नखं गेली. जाळीपलीकडे पत्र्याची पोकळ वाट आहे, खालून वारा येतो. सोड्याच्या ग्लासांचा आवाज. कुणीतरी खोकलं. ऐकू येतंय — म्हणजे खालीही ऐकू जाईल.

दुपार

तिल्दा आली.

तिचं हसू. खालून, जाळीतून, जणू माझ्या मांडीवर डोकं ठेवून हसतेय. तिनं विचारलं, ताई कुठाय. तो म्हणाला, वर कामात आहे, आधी काहीतरी गार घ्या, प्रवासानं दमलात. मग कागदाचा आवाज. इथं सही करा, ताईंनी केलीच आहे. ती म्हणाली, ताईनं केली ना, मग झालं.

पेन घासलेलं ऐकलं मी.

छताशी शी — शी — खालच्या तोटीनं गॅस सोडला. त्याला वाटतंय मी आता झोपेन.

नाव घेऊन ओरडले. नमदा गिळतो. माझा बोलायचा आवाज पुरत नाही. दुसरा आवाज हवा. रानातला. उन्हाळ्यात गाई घेऊन आम्ही रानात राहायचो तेव्हाची हाक, वरच्या पट्टीतली, चाकूसारखी, कोसभर जाते. एक गाईंना घरी बोलवायची. एक लांडगा आल्याची. लांडग्याची हाक ऐकली की अख्खा कळप शेपट्या वर करून पळत सुटतो.

जाळीला तोंड लावून, छाती भरून घेते. छाती भरली की गॅस भरतो. भरू दे.

दिली.

खाली शांत. ग्लास फुटला. खुर्ची पडली.

पुन्हा दिली. घशातून रक्त येतंय.

पावलं — धावतेय — धाव तिल्दा — दाराची घंटा — वाजली? गेली? देवा, गेली ती —

नाही. घंटा नव्हती.

उत्तर आलं. तिच्या आवाजात. वरच्या पट्टीत, दोन सूर. आलेच, आलेच.

जिन्यावर.

गाई पळतात. पण पोरी — एकीनं लांडग्याची हाक दिली की बाकीच्या पोरींनी काठ्या घेऊन तिच्याकडेच धावायचं — एकटीला सोडायचं नाही — आईनं शिकवलं — तिल्दाला तर मीच — सात वर्षांची होती — मीच हात धरून — विसरले कशी मी —

डोकं फिरतंय. अक्षर दिसत नाही.

ती दाराशी आलीय. काचेत तिचा डोळा. दार ठोकतेय. ती त्याला म्हणतेय उघडा, माझी बहीण आत आहे, उघडा ना. हात जोडतेय त्याला.

मान हलवतेय मी. नको. काचेवर हात आपटतेय. तिला वाटतंय मी तिला बोलावते —

किल्ली. किती हळू फिरवतोय. अदबीनं बाजूला झाला. म्हणतो, आधी तुम्ही —

तिल्दा मागे बघ तुझ्या मा